अकरा माशांची मोजणी

बाई,

तुमचे मासे अजून माझ्याकडेच आहेत, हे आधी सांगून टाकतो. सगळे नाहीत. दोन बाटल्यांपैकी एक धड आहे. दुसरीचं झाकण गंजलं आणि आतलं फॉर्मॅलिन कधी उडून गेलं ते मला कळलंच नाही. गेल्या महिन्यात माळ्यावरून काढली तेव्हा तळाशी अकरा वाळकी सुकटं उरली होती, चिमटा लावला की पर गळून पडत होते. आमच्या हिनं बाटली खिडकीशी धरून पाहिली आणि म्हणाली, "अहो, माझ्या पापडाच्या डब्याला माळ्यावर जागा नव्हती, ती ह्यांच्यासाठी होय?" तुम्ही गेल्यावर तुमच्या यजमानांनी, आम्हा विद्यार्थ्यांच्या काकांनी, दोन्ही बाटल्या आणि ते लांबडं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. "हिनं तुझ्यासाठी सांगून ठेवलंय," एवढंच म्हणाले. मी ते घरी आणलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि वर ठेवून दिलं. जपून ठेवलंय असं लोकांना सांगायचो. खरं म्हणजे डोळ्यांसमोर नको म्हणून ठेवलं होतं.

लिहायचं कारण असं की मला एका मुलीच्या मेलला उत्तर द्यायचंय, आणि ते देण्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय माझा हात चालेना. मुलगी झांबियाची आहे. तुम्ही सहा वर्षं जिथे शाळेत जीवशास्त्र शिकवलंत, तिथून तासाभरावरच्या गावची. माशांच्या जाती ठरवायचं काम करते, त्यावरच तिची डॉक्टरेट चाललीय. परदेशातल्या एका संग्रहालयात कपाटाच्या मागच्या रांगेत तिला एक बाटली सापडली, तुम्ही नाशिकहून पाठवलेल्या पाच माशांची, आणि सोबत तुमचं टाइप केलेलं पत्र. पत्रावर कॉलेजचा पत्ता. कॉलेजात तुमचं नाव माहीत असलेला आता एकच शिपाई उरलाय, त्यानं माझा नंबर दिला. ती म्हणते, तुम्ही ज्या खड्ड्यातून मासे धरलेत तो खड्डा आता नाही, त्यावरून रस्ता गेला. तिला लांबच्या दुसऱ्या डबक्यात सात मासे मिळालेत. ही निराळी जात आहे असं तिचं म्हणणं आहे. तुमचंही तेच म्हणणं होतं की. पण सात माशांवर ह्या विषयातली मोठी माणसं मानत नाहीत, तुमच्या माशांची मोजणी जोडीला मिळाली तर मानतील. मी हुरळून गेलो, रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून पाठवले.

आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं. अगदी नम्र. म्हणते, रजिस्टरमध्ये दोन हस्ताक्षरं दिसतात. पहिल्या हस्ताक्षरात पराला आधार देणाऱ्या काड्या पंधरा नाहीतर सोळा. दुसऱ्यात सोळा नाहीतर सतरा. मासे एकाच खड्ड्यातले, एकाच दिवशी धरलेले. ही दुसरी व्यक्ती कोण होती, आपल्याला माहीत आहे का? हयात आहे का? तिनं शेवटची काडी कशी मोजली हे विचारता येईल का? बाई, ती मला माझ्याचबद्दल विचारतेय आणि तिला त्याचा पत्ताही नाही. "ती व्यक्ती आता संपर्कात नाही" असं एक वाक्य लिहिलं की मी सुटतो. पण मग ते अकरा मासे तसेच आडवे येणार, तुमच्या वेळी आले तसे, आणि तिची जात पुन्हा नाकारली जाणार. सुकटांवर आता काही मोजताही येत नाही. त्यांच्या काड्या किती होत्या हे सांगणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो नऊ दिवस मेल उघडतोय आणि बंद करतोय.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. पूर्वेची खिडकी, खिडकीखाली ओटा, ओट्याच्या कडेला पांढरी बशी आणि बशीत बोटाच्या पेराएवढा एक मासा. घरात कधी अंडं शिजलं नाही आणि फडताळात लिंबाच्या लोणच्याशेजारी एकोणतीस मासे! काका रोज एकदा तरी म्हणायचे, "एक दिवस मी चुकून फोडीच्या जागी मासा वाढून घेणार आहे." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "घ्या, पण आधी मोजू द्या." उजेड तिथलाच चांगला, म्हणून कॉलेजची प्रयोगशाळा सोडून सगळं काम ओट्यावर. मी बाजूच्या स्टुलावर, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सुई. पर हलकेच उलगडायचा, सुईच्या टोकानं एकेक काडी शिवायची, तोंडानं आकडा म्हणायचा नाही, मनात म्हणायचा, तीनदा मोजायचं आणि तिन्ही वेळा जुळला तरच लिहायचं. पहिल्याच दिवशी मी "साधारण सोळा" म्हणालो आणि तुम्ही सुई खाली ठेवलीत. "साधारण? साधारण मीठ घालतात भाजीत. मासा साधारण नसतो रे." माझे कान गरम झाले. आजही कोणी साधारण म्हटलं की मी दचकतो.

तुम्ही मला का निवडलंत ते मला ठाऊक आहे. वर्गात माझ्याहून हुशार पाच-सहा होते. पण बेडूक चिरताना माझा हात हलला नाही हे तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, "कुठे शिकलास?" मी म्हणालो, दिंडोरीला, द्राक्षाच्या बागेत. आई मणी विरळायला जायची, घडातले दाटीचे मणी बारक्या कात्रीनं काढायला, आणि सुट्टीत मीही तिच्या जोडीला. शेजारच्या मण्याला ओरखडा आला तर मुकादम खवळायचा, त्यामुळे हात आपोआप बसला. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक! विभागप्रमुखांना सांगितलंत, काकांना सांगितलंत, दूधवाल्यालाही सांगितलं असेल. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मी आफ्रिकेतले मासे मोजतो, बोटाच्या पेराएवढे. ती म्हणाली, "एवढुसे? कालवनाला पन पुरायचे नाय. आन् ती बाई शिकल्याली हाय ना?" हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

त्या माशांबद्दल तुम्ही बोलायला लागलात की चहा गार व्हायचा. पावसात खड्डे भरतात, चिखलातली अंडी फुटतात, पिल्लं काही आठवड्यांतच मोठी होऊन आपली अंडी चिखलात घालतात, मग पाणी आटतं आणि सगळे मरून जातात. अंडी तेवढी कोरड्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. मादी मातकट, नर मात्र असा की बघत राहावं. पण बाटलीत घातला की रंग जातो, आणि तुमच्या बाटलीतले सगळे चहाच्या गाळासारखे दिसायचे. म्हणून तुम्ही जिवंत नराचं चित्र रंगवून ठेवलं होतंत, निळं अंग, तांबडी शेपटी, शेपटीला काळी किनार. शाळेत पाणी भरायला येणाऱ्या बाईनं तो खड्डा दाखवला होता म्हणालात. नवी जात ठरली तर त्या बाईचं नाव द्यायचं तुमच्या मनात होतं. मी म्हटलं, तुमचं का नाही? "स्वतःचं नाव आपण होऊन माशाला द्यायचं नसतं. तो निर्लज्जपणा झाला." चित्र तुम्ही परदेशातल्या त्या संग्रहालयाकडे पाठवलंत. त्या लोकांनी ते परत पाठवताना लिहिलं की सुंदर आहे, पण चित्र हा पुरावा नव्हे.

पुरावा म्हणजे मोजणी. जवळच्या दुसऱ्या जातीच्या परात काड्या सतरा-अठरा, तुमच्या माशात पंधरा-सोळा. मध्ये एवढीशी फट, पण एकही मासा ती ओलांडत नव्हता, म्हणून जात निराळी. अठरा मासे तुम्ही मोजलेत. मग तुमच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं आणि उरलेले अकरा माझ्याकडे आले. मी मोजले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा जुळलं, लिहिलं. सोळा, सतरा, सोळा, सोळा, सतरा. तुम्ही पान वाचताना थांबलात. "तुझ्यात सतरा पण आले?" मी म्हणालो, "तीनदा मोजलेत, बाई." तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, "मग आलेच असतील. तुझे डोळे तरुण आहेत, माझेच कमी मोजत असतील." काका म्हणाले, ते सतरावाले चार सोडून दे की, कोणाला कळणार आहे? तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. आकडे आहेत तसे टाइप झाले आणि पाकीट पोस्टात पडलं.

आता पुढचं. पाकीट गेल्यावर चारेक दिवसांनी मी तुमच्या रजिस्टरला ब्राउन पेपरचं कव्हर घालायला घेतलं, कोपरे फार फाटले होते म्हणून. कव्हर घालायचं तर पहिलं पान उघडावं लागतं. मी तोवर खुणेची दोरी धरून थेट मोजणीच्या पानावरच जात होतो. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात, मराठीत, एकच ओळ होती: पराच्या शेवटी एकाच मुळातून निघालेल्या दोन काड्या एक धराव्या. बाई, मला पहिल्या माशालाच ती जोडी दिसली होती. क्षणभर अडखळलोही होतो, एक धरू का दोन? तुम्ही पलीकडे फोडणी देत होतात. विचारलं असतं तर तुम्ही चमचा हातात धरून सांगितलं असतं. पण दोन दिवसांपूर्वीच "साधारण"वरून कान गरम झाले होते, आणि हा एवढा हात-हात म्हणून कौतुक झालेला मुलगा साधी काडी मोजायला विचारतो असं व्हायला नको होतं. दिसतंय ते सोडायचं कशाला, असं म्हणून मी दोन धरल्या. मग सगळ्या अकराला तशाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कॉलेजात होतात. काकांनी दार उघडलं आणि परत जाऊन पेपर तोंडावर घेऊन झोपले. मी ओट्यापाशी बसून सगळे अकरा पुन्हा मोजले. शेवटची जोडी एक धरून. प्रत्येकात बरोबर एक कमी. पंधरा, सोळा, पंधरा, पंधरा, सोळा. एकही सतरा नाही. फट जिथल्या तिथे होती, ती मीच बुजवली होती. हे मी कशावर लिहिलं नाही. बाटली जागेवर ठेवली, सुई पुसली, आणि तुम्ही आल्यावर कांदेपोहे केलेत ते खाल्ले.

तेव्हा सांगितलं असतं तर दोन ओळींचं पत्र आणि वर एक तिकीट, एवढ्यात भागलं असतं. त्यांचं उत्तर यायला तीन महिने लागले, तीन महिन्यांत मी रोज ठरवायचो. एकदा तर तुमच्या फाटकापर्यंत वाक्य पाठ करत आलो, आणि आत तुमच्याकडे पाहुणे होते, आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, "हाच तो. माझ्यापेक्षा ह्याची मोजणी खरी." गेलं वाक्य पोटात. मग उत्तर आलं. काड्यांचे आकडे दुसऱ्या जातीला येऊन भिडतात, मध्ये खंड नाही, तेव्हा ही निराळी जात मानता येत नाही, कळावे. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि घडी घालून म्हणालात, "चला. मासा तोच निघाला." त्यानंतर तुम्ही त्या माशांना हात लावला नाहीत.

पुढे मी अंबडला औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात लागलो आणि तिथेच केस पांढरे झाले. तिथे एक नियम असतो. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. मी त्या नियमाचा केवढा कडक! चुकणाऱ्याला कधी घालवलं नाही, झाकणाऱ्याला कधी सोडलं नाही. पोरं मागे मला मास्तर म्हणायची. एकदा एका मुलीनं रडत विचारलं, "सर, तुमची कधी चूक झाली नाही का?" मी म्हणालो, "झाली की." आणि फाइल मिटली.

तुम्ही त्यानंतर नऊ वर्षं होतात. मी दर दिवाळीला यायचो. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तुम्हाला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं, माझ्या शर्टाचं तुटकं बटणही दिसलं. तुम्ही हसत म्हणालात, "आता परत मोजावे का रे ते? तुझ्या त्या सतरांनी घात केला बघ माझा." तुम्ही गमतीनं म्हणालात. माझ्या तोंडात करंजी होती. मी म्हणालो, "आता कशाला, बाई, डोळ्यांना ताण." केवढी माझी काळजी तुमच्या डोळ्यांची! लाज वाटते हे लिहिताना.

इथवर लिहून दोन दिवस झाले. काल सकाळी बसून तिला मेल लिहिला. माझं इंग्रजी कारखान्यातलं, त्यात भावना बसत नाहीत, ते बरंच झालं. लिहिलं की दुसरं हस्ताक्षर माझं आहे. शेवटची जोडी मी दोन धरली, प्रत्येक आकड्यातून एक वजा करा. एवढ्यावर ती विश्वास का ठेवेल? इतक्या वर्षांनी कोणाला आठवतं त्यानं काडी कशी मोजली? म्हणून पुढचंही लिहावं लागलं, की मी तेव्हाच पुन्हा मोजले होते, सगळे अकरा, आणि कोणाला सांगितलं नाही. तुमच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला, जो आधी मी मुद्दाम पाठवला नव्हता. रजिस्टरमधल्या अकराही आकड्यांवरून एकेक रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा, सही, कालची तारीख. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाईंना सांगायला हवं होतं तुम्ही." बस्स, एवढंच. पापडाच्या डब्याचं काही बोलली नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. आभार मानलेत. म्हणते, हे सगळं लेखात असंच लिहावं लागेल, कोणी मोजलं, काय चुकलं, कधी कळलं, चालेल ना? मी हरकत नाही म्हटलं. सोबत तिच्या नराचा फोटो आहे. निळं अंग, तांबडी शेपटी, काळी किनार. मी तो मोठा करून करून पाहिला, मग चष्मा काढून ठेवावा लागला. माशाला तुमचं नाव द्यावं असं तिच्या मनात आहे. मी तिला पाणी भरणाऱ्या बाईंचं सांगितलं. ती म्हणाली, ते नाव तुमच्या पत्रात कुठे नाही, आणि आता कोणाला विचारणार? तेव्हा तुमचंच राहील बहुतेक. दुसऱ्या कोणी दिलंय, त्यामुळे तुम्हाला रागावता येणार नाही.

रजिस्टर आणि धड बाटली परवानग्या मिळाल्या की तिच्याकडे जाईल. हे पत्र त्यात ठेवायचं नाही, कारण ह्यातलं एक तिच्या कामाचं नाही आणि मेलमध्येही मी ते लिहिलेलं नाही. तुम्हाला परदेशातून ते नकाराचं उत्तर आलं त्या दिवशी मी तुमच्यासमोर स्टुलावर होतो. तुमचा चेहरा उतरला, तुम्ही घडी घातलीत आणि खिडकीतून बाहेर बघत बसलात. मी म्हणालो, मी चहा टाकतो. आणि बाई, शेगडीकडे वळताना मला हायसं वाटलं. आता ती बाटली कोणी उघडणार नाही, झालं, संपलं, असं मोकळं मोकळं वाटलं. आधण ठेवलं, साखर घातली, आणि मी शीळ घालत होतो. तुमच्याकडे पाठ करून, चांगली दोन मिनिटं. मग माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. तुम्ही ती ऐकलीत का, हे विचारायचं मला तेव्हा धाडस झालं नाही.